बोइंगची यादी, लिअरजेटची यादी

पेटची तयारी करणारे किंवा नुकतंच नाव नोंदवलेले बरेच जण विचारतात, की संशोधनाची पद्धत समजायला एखादं वाचनीय पुस्तक सुचवा, जाड पाठ्यपुस्तक नको. मी अतुल गावंडे यांचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ सुचवते. सोबत एक अटही घालते: पुरावा म्हणून वाचू नका, तपासायचं प्रकरण म्हणून वाचा. ही अट का, ते मेसेजमध्ये नीट सांगता येत नाही. म्हणून ही पोस्ट.

गावंडे आपल्याला तसे परके नाहीत. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. ते अमेरिकेत गेले आणि मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून ओहायोत स्थायिक झाले. मुलगा शल्यविशारद झाला आणि लेखक म्हणून जगभर वाचला गेला. पुस्तक आलं डिसेंबर 2009 मध्ये. मुद्दा थोडक्यात असा: कामं इतकी गुंतागुंतीची झाली आहेत की हुशार, अनुभवी माणूसही साधी पायरी विसरतो. विमानवाल्यांनी यावर उपाय शोधलाय, छोटी, नेमकी, तपासून घेतलेली यादी. तीच ऑपरेशन थिएटरमध्ये आणा.

शस्त्रक्रियेकडे मी शेवटी येईन. मला जास्त खटकतं ते विमानाचं. कारण पुस्तकाचा सगळा भार त्या खांबावर आहे आणि तो खांब कुणी ठोकून बघत नाही. डॉक्टर मंडळी शस्त्रक्रियेच्या आकड्यांवर भांडतात, पण ‘विमानात तर हे सिद्धच झालंय’ हे वाक्य सगळे मुकाट मान्य करतात.

सहाव्या प्रकरणात लेखक बोइंगच्या कारखान्यात जातो. डॅनियल बूरमन नावाचे तज्ज्ञ त्याला सिम्युलेटरमध्ये बसवतात. उड्डाण सुरू असताना पुढच्या मालकक्षाचं दार नीट बंद नसल्याचा इशारा येतो. यादी उघडते, चार-सहा ओळींची. दाब कमी करा, खाली या, वगैरे. त्या ओळींमागे 1989 सालचा होनोलुलूजवळचा अपघात आहे. युनायटेडच्या जंबोचं मालाचं दार हवेत उडालं आणि नऊ प्रवासी बाहेर फेकले गेले. प्रकरण उत्तम लिहिलंय. चांगली यादी कशी असते (लहान, एका पानाची, सिम्युलेटरमध्ये घासूनपुसून घेतलेली) हे इतकं स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेलं नाही. वाईट यादी कशी असते हेही बूरमन सांगतात. म्हणजे लेखक भोळा नाही.

पण ही यादी कुणाची आहे? जगातल्या सर्वांत श्रीमंत विमान कंपन्यांपैकी एकीची. तिच्याकडे यादीसाठी वेगळा विभाग आहे, सिम्युलेटर आहे, जगभरातून येणारे अपघात अहवाल आहेत. यादीची ही गुणवत्ता त्या घराची आहे. तुम्ही आठ आसनी जेटमध्ये बसलात की घर बदलतं. तिथे यादीची अवस्था काय असू शकते, याचं उदाहरण 25 ऑक्टोबर 1999 चं आहे.

त्या दिवशी फ्लोरिडातल्या ऑरलँडोहून एक लिअरजेट 35 टेक्ससकडे निघालं. आत दोन वैमानिक आणि चार प्रवासी. प्रवाशांमध्ये त्याच वर्षी यूएस ओपन जिंकलेला गोल्फपटू पेन स्ट्यूअर्ट होता. उड्डाणानंतर काही मिनिटांतच वैमानिकांचं उत्तर येणं थांबलं. विमान वळलं नाही, उतरलं नाही, सरळ चढत गेलं. लढाऊ विमानं जवळ गेली तेव्हा त्यांना खिडक्या आतून गोठलेल्या दिसल्या. सुमारे चार तासांनी इंधन संपून ते साउथ डकोटातल्या एका शेतात कोसळलं. अमेरिकेच्या एनटीएसबीचा निष्कर्ष असा, की केबिनमधला दाब गेला, वैमानिकांना वेळेत ऑक्सिजन मिळाला नाही, ते निष्क्रिय झाले. दाब का गेला, हे ठरवता आलं नाही.

आता यादीकडे या. दाब गेल्याचा इशारा वाजला की माणसाची पहिली ऊर्मी असते, काय बिघडलंय ते बघू. तीस हजार फुटांवर दाब गेला तर शुद्धीत राहून काही उपयोगी करायला जेमतेम अर्धा ते एक मिनिट मिळतं, त्याहून वर आणखी कमी. आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय हे त्या माणसाला कळतही नाही, उलट सगळं छान चाललंय असं वाटतं. म्हणजे मास्क आधी, शोध नंतर. एनटीएसबीने बोट ठेवलं ते नेमकं इथे. इशारा वाजला की सर्वांत आधी मास्क चढवा, असं ठसठशीत सांगणारी सूचना त्या विमानाच्या पुस्तिकेत नव्हती. दाब असलेल्या सगळ्या विमानांच्या पुस्तिकांत ती पहिल्या क्रमांकावर घाला, अशी शिफारस मंडळाने केली.

इथे जरा थांबा, कारण संशोधनाच्या दृष्टीने दोन गोष्टी एकमेकींत मिसळण्याचा धोका आहे. यादीतला क्रम चुकीचा होता, हे एक विधान. त्या क्रमामुळेच त्या सहा जणांचा जीव गेला, हे दुसरं. पहिलं कागदावर दाखवता येतं. दुसरं मंडळाने म्हटलेलं नाही आणि म्हणता येणारही नव्हतं, कारण कॉकपिटमध्ये त्या मिनिटात कुणी कोणतं पान उघडलं हे कुणालाच माहीत नाही. अहवाल वाचताना हा संयम दिसतो. मुलाखतीत ‘कारण आणि शिफारस यांत फरक काय’ असा प्रश्न आला तर हे प्रकरण सांगा.

माझ्या प्रबंधाचा विषय मासेमारी नौकांवरची यंत्रं आणि त्यांची देखभाल, त्यामुळे मिरकरवाड्याच्या जेटीवर माझं जाणं-येणं असतं. समुद्रात इंजिन बंद पडलं तर काय करता, असं मी तांडेलांना विचारते. अनुभवी तांडेल इंजिनाचं नावच घेत नाही. तो आधी वारा कुठला आणि खडक कुठे ते सांगतो, मग नांगर. बोट एका जागी थांबली की मग खाली उतरून बघायचं, डिझेलमध्ये पाणी गेलंय की पंखा जाळ्यात अडकलाय. नवखा खलाशी मात्र आधी इंजिनरूमचं झाकण उघडतो. हा क्रम कुठे छापलेला नाही, आणि तरीही तो यादीच आहे. लिअरजेटच्या पुस्तिकेत न सापडणारी पहिली ओळ इथे न छापता शाबूत आहे. गावंडे ज्याला यादी म्हणतात त्यात ही बसते का? माझ्या मते बसायला हवी, आणि ती बसवली की पुस्तकाचा दावा बराच पातळ होतो. कागद असणं आणि क्रम ठाऊक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परिणाम कशाचा झाला हे पुस्तक वेगळं काढत नाही.

कागद असूनही क्रम पाळला गेला नाही, असं उदाहरण लांब शोधायला नको. 20 सप्टेंबर 2018 ला मुंबईहून जयपूरला निघालेलं जेट एअरवेजचं विमान, उड्डाण क्रमांक 9डब्ल्यू 697. बोइंग 737, म्हणजे यादीच्या कारखान्यातूनच आलेलं. आत 166 प्रवासी. केबिनमध्ये दाब राखणारी ब्लीडची बटणं चालू करायची राहून गेली, वर गेल्यावर मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. ही पायरी यादीत होती. तशी बघितली तर ही घटना गावंडे यांच्या बाजूने जाते (‘बघा, यादी पाळली नाही की काय होतं!’) आणि विरुद्धही जाते (‘बघा, जगातली उत्तम यादी असूनही काय झालं!’). ज्या सिद्धान्ताला दोन्ही निकाल चालतात त्याच्याबद्दल तुम्हाला पद्धतशास्त्राच्या पेपरात काय शिकवलंय, ते आठवून बघा.

पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण लेखक ज्या कारणासाठी देतो, त्याहून वेगळ्याच कारणासाठी मौल्यवान आहे. जानेवारी 2008 मध्ये बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 777 हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. शेवटच्या क्षणी दोन्ही इंजिनांनी जोर दिलाच नाही. तपासकर्त्यांनी महिनोन् महिने प्रयोग केले. शेवटी संशय ठरला बर्फावर: थंडीत इंधनातल्या पाण्याचे कण नळ्यांत गोठून साचतात आणि अचानक जोर मागितला की सुटून पुढच्या उपकरणाचं तोंड बंद करतात. मग वैमानिकाने काय करायचं? इंजिन दमलं की जोर वाढवायची इच्छा होते. इथे उलट करायचं. जोर क्षणभर अगदी कमी करायचा, बर्फ वितळू द्यायचा. काही महिन्यांत हे यादीत उतरलं. नोव्हेंबर 2008 मध्ये शांघायहून अटलांटाला निघालेल्या डेल्टाच्या 777 चं एक इंजिन माँटानावर असंच दमलं, तेव्हा वैमानिकांनी तेच केलं आणि इंजिन पूर्ववत झालं.

गावंडे म्हणतात, बघा यादीची ताकद. मला दिसतं ते वेगळं. ओळ लिहिण्याआधी कुणीतरी थंड इंधन नळ्यांतून वाहवून पाहिलं, एक स्पष्टीकरण टाकून दुसरं घेतलं, आणि सहज बुद्धीच्या विरुद्ध असलेलं उत्तर मान्य केलं. ती यादी त्या संशोधनाचा शेवटचा कागद आहे. संशोधन नसतं तर तितक्याच सुबक, तितक्याच छोट्या यादीत ‘जोर वाढवा’ असं लिहिलं गेलं असतं. पुस्तकात शोधाचा हा भाग येतो, पण झटपट, पायघडीसारखा. प्रकरण खरं तर त्यावरच हवं होतं.

आठव्या प्रकरणाबद्दल माझी तक्रार जास्त तीव्र आहे. विषय हडसन नदीवर उतरवलेलं विमान, 15 जानेवारी 2009, 155 माणसं, सगळी वाचली. लेखकाचं म्हणणं, की जगाने सलेनबर्गरला नायक केलं, पण खरं श्रेय शिस्तीला आणि यादीला. पुस्तक डिसेंबरमध्ये बाजारात आलं, एनटीएसबीचा अहवाल पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. म्हणजे लेखकाला तो वाचता आला नव्हता, पण तुम्हाला येतो. त्यात असं आहे: दोन्ही इंजिनं बंद पडल्यास वापरायची ती यादी वीस हजार फुटांवरच्या बिघाडासाठी लिहिलेली होती, आणि पक्षी धडकले तीन हजार फुटांच्याही खाली. सहवैमानिकाने ती झपाट्याने वाचली, तरी पुरी होण्याची शक्यताच नव्हती. कप्तानाने शेपटीतलं छोटं सहायक इंजिन, एपीयू, जवळजवळ लगेच चालू केलं. यादीत ती पायरी बरीच खाली होती. एपीयूमुळे वीज टिकली आणि विमानाची संगणकीय संरक्षणं शाबूत राहिली. मंडळाने या निर्णयाला चांगल्या परिणामाचं श्रेय दिलंय. थोडक्यात, यादीच्या विजयाची म्हणून सांगितलेली ही गोष्ट यादीचा क्रम ओलांडल्यामुळेही यशस्वी झाली.

यावर समर्थक म्हणतील, अहो, गावंडे निर्णयक्षमतेला नाही म्हणतच नाहीत. बरोबर, म्हणत नाहीत. पण मग कोणती पायरी यादीवर सोडायची आणि कोणती माणसावर, हे ठरवायचं कसं? ‘समतोल राखा’ हे उत्तर मार्गदर्शकाला दिलंत तर काय होईल याची कल्पना तुम्हाला आहेच.

आता महाराष्ट्रातलं प्रकरण. ते जेटचं नाही, पंख्याच्या दोन इंजिनांच्या बीचक्राफ्ट सी-90 चं आहे, पण लहान विमानातल्या बिघाडाचं इतकं उघडं उदाहरण आपल्याकडे क्वचित मिळतं. 6 मे 2021, कोविडची दुसरी लाट ऐन भरात. रुग्ण घेऊन निघालेल्या एका एअर अँब्युलन्सचं नागपूरहून उड्डाण करतानाच एक चाक निखळून पडलं. आत पाच माणसं होती. विमान मुंबईकडे वळवण्यात आलं. रात्री नऊच्या सुमारास ते चाकं खाली न काढता पोटावर उतरवलं गेलं. धावपट्टीवर फेस पसरला होता. कुणाला इजा झाली नाही. त्या वेळचे विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी वैमानिकाच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं, वाहिन्यांनी ‘चमत्कार’ म्हटलं, आणि दोन दिवसांत विषय संपला.

या घटनेत बिघाड कळला कसा, हे मला सर्वांत रोचक वाटतं. कॉकपिटमध्ये चाकांसाठी जे दिवे असतात ते पाय पूर्ण खाली येऊन अडकलाय की नाही ते सांगतात. पायाला चाक आहे का, हे ते सांगत नाहीत, कारण तसा प्रश्न कुणी त्या यंत्राला विचारलेलाच नाही. त्या वेळच्या बातम्यांनुसार चाक गळताना पाहिलं ते विमानतळावर पहाऱ्याला असलेल्या सीआयएसएफच्या जवानाने, आणि त्याने ते कळवलं. कल्पना करा, त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. वैमानिकाने मुक्कामी पोचून नेहमीची यादी वाचली असती, तीन हिरवे दिवे पाहिले असते आणि एक पाय चाकाविना टेकवला असता. यादी सुरू व्हायला आधी इशारा लागतो. गावंडे यांच्या सिम्युलेटरमध्ये तो इशारा स्क्रीनवर आपोआप येतो. इथे तो कुंपणाशी उभ्या माणसाच्या डोळ्यांतून आला.

कळल्यानंतरचे प्रश्न पाहा. पोटावर कसं उतरायचं, इंधन आणि वीज कधी बंद करायची, हे पुस्तिका सांगू शकते. पण लगेच नागपूरलाच उतरायचं की जड इंधन जाळत मोठ्या विमानतळाकडे जायचं? मुंबईला लांब धावपट्टी आणि मोठं अग्निशमन दल आहे, पण वाट दीड-दोन तासांची. त्या वेळात आतल्या रुग्णाचं काय? एक चाक नसताना दोन पायांवर उतरावं की सगळेच पाय आत ठेवावेत? यातला एकेक प्रश्न दुसऱ्याचं उत्तर बदलतो. छापील ओळीत हे मावत नाही. आणि रुग्णवाहिका असली की कॉकपिटमधल्या निर्णयात डॉक्टरचा शब्दही येतो, जो कुठल्याच विमान कंपनीच्या यादीत नाही.

आणि तो फेस. फोटोत तो छान दिसतो, म्हणून श्रेय त्याला लगेच मिळालं. पण फेसाने आग टळते, हे मानण्याइतका पुरावा तज्ज्ञांना पटलेला नाही. अमेरिकेच्या नियामकाने धावपट्टीवर फेस पसरण्याची शिफारस मागे घेतलेली आहे, आणि फेस संपवून बसलेलं अग्निशमन दल प्रत्यक्ष आग लागली तर काय करील, हाही प्रश्न आहेच. मुंबईत फेस होता आणि सगळे सुखरूप उतरले, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. फेस नसता तर काय झालं असतं, हे या एका घटनेतून काढता येत नाही. अगदी तसंच ‘यादी होती म्हणून वाचले’ हेही एका घटनेतून काढता येत नाही. पुस्तकात अशी सुटी सुटी यशस्वी उदाहरणं ओळीने येतात, आणि दहा गोष्टी सलग वाचल्या की त्यांचा नमुना झाल्यासारखं वाटतं. ज्या विमानांत यादी वाचली गेली आणि तरी ती पडली, त्यांच्या वैमानिकांशी बोलायला लेखक कुठे जाणार?

आता शस्त्रक्रियेचे आकडे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत (त्यात एक दिल्लीचं) 19 कलमी यादी लावली गेली. आधीचे 3733 रुग्ण, नंतरचे 3955. मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं, गुंतागुंतीचं 11 वरून 7 वर. शोधनिबंध 2009 सालचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. रचना आधी-नंतर, समांतर तुलनागट नाही. 2014 मध्ये त्याच नियतकालिकात कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताचा अभ्यास आला. तिथे यादी प्रांतभर लागू झाली होती, रुग्णालयं 101. मृत्यू 0.71 टक्क्यांवरून 0.65 वर, म्हणजे योगायोगाने पडेल इतकाच फरक. गुंतागुंत 3.86 वरून 3.82.

यावर एक बाजू म्हणते यादी निरुपयोगी. दुसरी म्हणते ऑन्टारियोत यादी वापरलीच गेली नाही, नुसत्या टिका मारल्या गेल्या. दुसरं म्हणणं मला जास्त पटतं, पण ते पुस्तकाला महाग पडतं. पहिल्या आठ रुग्णालयांत यादीसोबत प्रशिक्षण होतं, मोजमाप होतं, कुणीतरी बघतंय ही जाणीव होती. ते सगळं वजा करून नुसता कागद पाठवला आणि परिणाम गेला. मग पहिल्यांदा काम कशाने केलं होतं? बोइंगच्या कारखान्यातून यादी उचलून लहान जेटमध्ये ठेवली तर काय होतं, हा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे. निष्कर्षाचा लागूपणा असं त्याला आपण पेपरात म्हणतो आणि दोन गुणांची टीप लिहून पुढे जातो.

पुस्तक जरूर वाचा, सहावं प्रकरण तर दोनदा. आठवं उघडाल तेव्हा शेजारी हडसनचा अहवाल ठेवा, तो मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात आधी एपीयूबद्दलचा भाग शोधा. नंतर लिअरजेटच्या अहवालातला शिफारशींचा भाग वाचा, आणि मंडळ ‘ठरवता आलं नाही’ हे शब्द कुठे वापरतं आणि कुठे टाळतं, ते पेन्सिलीने खुणावत जा.